हिरव्या कार्डावरची फुंक

महिन्याचा पहिला मंगळवार मला नको असायचा. पेणहून सव्वासहाला कंपनीची बस सुटायची, आणि वडखळ येईपर्यंत मी पर्स चार वेळा उघडून बंद केलेली असायची. शेजारी कॅन्टीनमध्ये काम करणारी एक बाई बसायची. ती म्हणायची, "काय गो, काय शोधतेस मघापासून? हरवलंय काय?" हरवलेलं काहीच नसायचं. त्या दिवशी धाटावला जाऊन मला माझ्या सख्ख्या भावाच्या कार्डावर खोटा आकडा लिहायचा असायचा, एवढंच.

मी तिथल्या, रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका केमिकल कंपनीत नर्स होते. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. दवाखाना म्हणजे गेटजवळची एक खोली, एक खाट, वजनकाटा आणि ड्रेसिंगचं कपाट. डॉक्टर रोह्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीचे दिवस मीच. माझा स्वभाव तापट, तोंड फाटकं. जखम घाण ठेवून आलेल्याला मी आधी शिव्या घालायची आणि मग पट्टी बांधायची. कामगार मला सिस्टर म्हणायचे, आणि माझ्या माघारी काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं. तरी माझ्यावर त्यांचा विश्वास होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्या विश्वासाचं काय झालं ते सांगायचंय.

भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आमचे वडील पेणच्या खाडीकडे मिठागरावर राबले आणि लवकर गेले. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं. लहानपणी त्याला धाप लागायची, थंडीच्या दिवसांत छाती वाजायची. बारावीनंतर तोही मिठागरावर जायला लागला तेव्हा मी चिडले. कंपनीतल्या पर्सोनेलच्या, म्हणजे नोकरभरती बघणाऱ्या खात्याच्या, क्लार्कच्या मी इतकी मागे लागले, की तो मला बघून वाट बदलायचा. शेवटी भावाला घेतलं, पण टेंपररी. रिअॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायची मोठी भांडी, असलेल्या प्लँटमध्ये हेल्पर. तिथे वाफ असायची, डोळे चुरचुरायचे. मी म्हटलं, कायम झालास की बघू बदली. त्यानं रोह्याला अष्टमी गावाच्या बाजूला खोली घेतली, लग्न केलं. बायकोला दिवस गेले. आता सगळा जीव त्या एका कागदात अडकला होता, कायम झाल्याच्या ऑर्डरमध्ये.

आणि नेमकी तेव्हाच आरोग्य योजना आली.

मुंबईच्या हेड ऑफिसमधून नवीन मॅनेजर साहेब आले होते. कुठलंसं शिबीर करून आले होते. त्यांचं म्हणणं असं, की कामगार निरोगी तर कंपनी निरोगी. बोलायला किती छान! सकाळी आठला गेटच्या आतल्या मैदानावर सगळ्यांनी दहा मिनिटं व्यायाम करायचा. साहेब स्वतः पुढे उभे राहून हात वर, हात खाली करायचे. त्यांचं पोट त्यांच्या हातांच्या मागून यायचं, पण हसायची सोय नव्हती. "दीर्घ श्वास घ्या," असं ते ओरडायचे, आणि नेमका त्याच वेळी प्लँटकडून वास यायचा. सगळे साहेबांकडे बघत तोंड उघडायचे आणि श्वास घ्यायचेच नाहीत. मीसुद्धा.

मग प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. वजन, रक्तदाब, तंबाखू खातो की नाही, आजारपणाच्या रजा किती. आणि फुंक. फुंकेसाठी एक नळीसारखं यंत्र आलं होतं. छाती भरून घ्यायची आणि जोरात फुंकायचं, की बाजूचा काटा सरकून जिथे थांबेल तो आकडा. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुंकणी ठेवलं, चुलीवरची असते ना, तीच. साडेचारशेच्या वर हिरवी पट्टी, साडेतीनशेच्या वर पिवळी, त्याखाली लाल. लाल कार्डवाल्यांची यादी पर्सोनेलला जायची. त्यांची काळजी घेण्यासाठी, असं साहेब म्हणाले. टेंपररी माणसाची काळजी कशी घेतात ते धाटावमध्ये शेंबड्या पोरालाही कळत होतं.

वर आणखी एक खूळ. प्रत्येक प्लँटला गुण. हिरवी कार्डं जास्त तर गुण जास्त, सुधारणा झाली तर आणखी, आजारपणाची रजा घेतली तर गुण कमी. सहा महिन्यांनी ढाल, आणि जिंकणाऱ्या प्लँटच्या प्रत्येक माणसाला स्टीलचा डबा. अहो, ढाल म्हटल्यावर माणसं पेटलीच. ताप आला तरी कुणी घरी राहीना. एकाला त्याच्या दोस्तांनी तापानं फणफणत असताना मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं आणि पोत्यांच्या आड झोपवलं, कारण गैरहजेरी पडली असती तर गुण गेले असते. खोकणारे बॉयलरच्या मागे जाऊन खोकायचे. तंबाखूची पुडी खिशातून बुटात गेली. माझ्याकडे गोळ्या मागायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली, आणि साहेबांनी त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. "बघा सिस्टर, आजार किती कमी झाले!" मी मनात म्हटलं, आजार नाही कमी झाले, मला सांगायचे कमी झाले. तोंडानं म्हटलं, "हो ना सर."

पहिल्या मंगळवारी माझा भाऊ रांगेत होता. त्याच्या मागे पंधरा-वीस जण. त्यानं फुंकलं. काटा तीनशे तीसवर थांबला.

लाल. काटा ज्या बाजूला असतो ती बाजू माझ्याकडे होती, त्याला दिसत नव्हती. त्यानं विचारलं, "किती आलं ताय?" मागच्यांच्या माना पुढे आल्या. मी काटा अंगठ्यानं शून्यावर सरकवला आणि म्हटलं, "चारशे साठ." आणि डोळ्यांनी खुणावलं. तो हसला, मान हलवली. मला वाटलं, समजला. मी तेच लिहिलं, हिरवी पट्टी चिकटवली. एकदाच करायचं, असं ठरवलं होतं. ऑर्डर निघाली की त्याला घेऊन चांगल्या डॉक्टरकडे जायचं, पंपाचं औषध सुरू करायचं आणि हळूच बदली मागायची. सगळं कसं सरळ दिसत होतं मला!

पण दर महिन्याला मंगळवार यायचा. पुढच्या वेळी काटा तीनशे दहावर. मी चारशे ऐंशी लिहिलं. का वाढवलं? एकच आकडा दर महिन्याला लिहिला तर डॉक्टरांना संशय येईल म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. डॉक्टर तर बघतही नव्हते, सरळ सह्या करत सुटायचे. एकदा धीर करून मी म्हटलं, "डॉक्टर, प्लँटमधल्यांची फुंक एकदा तुम्हीच घ्या ना." ते म्हणाले, "तुम्ही आहात ना सिस्टर. तुमच्या हाताला मी कधी नाव ठेवलंय?" त्यांनी एकदा जरी वर बघितलं असतं, तरी मी तिथेच सगळं ओकले असते. नाही बघितलं.

खरं संकट वेगळीकडूनच आलं. पिवळ्या कार्डवाल्यांनाही वाफेच्या कामावर ठेवू नये, असा साहेबांनी हुकूम काढला. चांगलाच हुकूम, खोट काढायला जागा नाही. पण काम थोडंच थांबतं? पिवळ्यांना पॅकिंगला काढलं आणि त्यांच्या वाटची वाफ हिरव्यांच्या वाट्याला आली. माझा भाऊ हिरवा, आणि तोही चढत्या आकड्याचा. सुपरवायझरनं त्याला रिअॅक्टरच्या तोंडाशीच उभा केला. मी धावत सुपरवायझरकडे गेले, म्हटलं, "त्याला पॅकिंगला द्या की, लहान आहे." तो हसला. "काय सिस्टर, असा ताकदीचा गडी पॅकिंगला कशाला? तुम्हीच तर हिरवं दिलंय त्याला." मी दवाखान्यात येऊन दार लावून घेतलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. माझ्या पेनानं मी त्याला तिथे ढकलला होता. आणि तो आकडा खाली आणायची माझ्यात हिंमत नव्हती, कारण ऑर्डर अजून निघाली नव्हती आणि पिवळ्या टेंपररीला कुणी कायम केलं नसतं.

एका रविवारी तो आणि त्याची बायको पेणला आले. आई बाळंतपणाचं बोलत बसली. तो जिना चढून वर आला आणि खिडकीचा गज धरून उभा राहिला, बोलता येईना. मी म्हटलं, "अरे, उद्याच्या उद्या डॉक्टरला छाती दाखव. मी येते." तर म्हणाला, "मला काय झालंय? हवा बदललेय जरा. कार्ड बघ ना माझं." मला इतका राग आला! माझीच थट्टा करतो, मी नोकरी धोक्यात घालून लिहिते आणि हा वर तोंड करून बोलतो. मी म्हटलं, "मर मग." असंच म्हटलं. तो हसत खाली गेला. त्या आठवड्यात त्यानं दोन डबल शिफ्ट केल्या, लागोपाठ.

मला झोप लागेना. बसमध्ये नागोठण्याला डोळा लागायचा आणि कोलाडच्या नाक्यावर दचकून जाग यायची, की आता गेटवर ॲम्ब्युलन्स उभी असेल. गेट दिसलं की पहिल्यांदा मी ते बघायची. नसायची. मग दिवसभर प्लँटकडून कुणी पळत आलं की मी आधीच दारात जाऊन उभी राहायची. कुणाचं बोट चेमटलेलं असायचं, कुणाच्या डोळ्यांत थेंब उडालेला असायचा, आणि मी त्यांच्यावर उगाच ओरडायची. दिवाळीनंतर त्याची मुलगी जन्मली. तिला मांडीवर घेतली तेव्हाही मी तिच्या बापाच्या छातीचा आवाज ऐकत होते.

मार्चमध्ये ढाल जाहीर झाली. भावाच्या प्लँटला. सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. कॅन्टीनच्या शेडमध्ये दुपारी बाराला मांडव, हेड ऑफिसचे मोठे साहेब आलेले, समोर बायका आणि पोरं. भावजय पहिल्या रांगेत, मांडीवर मुलगी. मी बाजूला उभी, हातात यंत्राची पेटी, कारण मॅनेजर साहेबांनी सकाळी सांगितलं होतं, "फुंकणी पण आणा, पाहुण्यांना दाखवू." तेही आता फुंकणीच म्हणायला लागले होते. कुणाला फुंकायला लावतील याचा मी सकाळपासून विचार करत होते. लावतील कुणा जाड्या फोरमनला, असं म्हणत होते. देवाला नवसही बोलून झाला.

साहेबांनी माइकवर सांगितलं, "सहा महिन्यांत सगळ्यात जास्त सुधारणा दाखवणारा आमचा तरुण कामगार." आणि माझ्या भावाचं नाव घेतलं.

मी त्याच्याकडे बघून मान हलवत होते, नको नको, काहीतरी सांग, पोटात दुखतंय म्हण. तो माझ्याकडे बघून हसला. धुतलेला गणवेश, केस चापून बसवलेले. टाळ्या पडल्या. त्यानं स्वतःहून यंत्र माझ्या हातातून घेतलं, छाती भरून घेतली आणि फुंकलं.

दोनशे चाळीस.

यंत्र आता मोठ्या साहेबांच्या हातात. ते म्हणाले, "परत एकदा." त्यानं परत फुंकलं, त्याहून कमी. तिसऱ्यांदा फुंकताना त्याला खोकला आला, तो टेबलाला धरून वाकला. लोक हसले. वाईट मनानं नव्हे, त्यांना वाटलं गडी घाबरला. मोठे साहेब म्हणाले, "यंत्र अडकलेलं दिसतंय," आणि गंमत म्हणून त्यांनी स्वतः रुमालानं तोंड पुसून त्यात फुंकलं. काटा सर्रकन पाचशेच्या पुढे गेला. हसणं थांबलं. मॅनेजर साहेब माझ्याकडे वळले. "सिस्टर, बघा जरा. यंत्रात काही गडबड आहे ना?"

ते 'ना' मला आजही ऐकू येतं. हो म्हटलं असतं तर साहेब सुटले असते, मी सुटले असते. ढाल दिली असती, भजी खाल्ली असती. भाऊ अजून वाकलेलाच होता. त्याचे खांदे वरखाली होत होते आणि पुढच्या शिफ्टला तो पुन्हा त्या रिअॅक्टरच्या तोंडाशी उभा राहणार होता.

मी म्हटलं, "यंत्र बरोबर आहे सर. कार्ड खोटं आहे. मी लिहिलंय, पहिल्या महिन्यापासून."

मोठ्या साहेबांनी यंत्र टेबलावर ठेवून दिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला, तो मी मुकाट्यानं दिला. त्यात त्यांची चूक नव्हती. डॉक्टरांनी त्या आठवड्यात सगळ्यांची फुंक पुन्हा घेतली, या वेळी आकड्याकडे बघत. भावाच्या प्लँटमध्ये तो एकटा नव्हता. कितीतरी जणांनी दुसऱ्याच गड्याला पाठवून आपल्या कार्डावर फुंक मारून घेतली होती, आणि मी मान खाली घालून भावाचा आकडा लिहायच्या धास्तीत कुणाचं तोंड बघितलं नव्हतं. आता तरी वाफ ओढायचे मोठे पंखे बसतील, असं मला वाटलं. बसवले ते कितीतरी नंतर, दुसरे साहेब आल्यावर. त्याआधी कंपनीनं एक केलं. कार्डावरून फुंकेचा रकाना काढून टाकला. व्यायाम चालू राहिला, ढालही.

भावाची ऑर्डर निघाली नाही. त्याला महिनाभर दवाखान्यात ठेवावा लागला, मग आम्ही त्याला पेणला आणला. आज त्याचं किराणा दुकान आहे, तळमजल्यावर, कारण त्याला जिना चालत नाही. पंप गल्ल्याजवळच ठेवतो. मुलगी शिकली. मला ती आत्या म्हणते आणि माझ्यावर जीव टाकते. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

पण त्या दुपारी, शेडमधून मी त्याला दवाखान्यात आणला, खाटेवर बसवला. भावजय मुलीला घेऊन दारात उभी. त्याला नाकातून वाफारा देत होते तेव्हा तो एकटक माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल, सहा महिने गप्प बसलीस, आणखी एक महिना बसली असतीस तर काय बिघडलं असतं. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तू पण गप्पच बसलास की, असं सांगणार होते. आपण दोघांनी मिळून केलं, असंच मी तोवर धरून चालले होते.

तो धापा टाकत म्हणाला, "पयल्या वेळेला खरं किती व्हतं ताय?"

"तीनशे तीस."

"मंग?"

मी एकेक महिना सांगितला. तीनशे दहा. दोनशे नव्वद. दोनशे सत्तर. तो प्रत्येक आकड्याला मान हलवत होता. माझं सांगून झालं तरी हलवत राहिला.

"अरे, मी खुणावलं होतं ना तुला," मी म्हटलं. "तू हसलास."

"मला वाटलं, लई आलं म्हणून तू खूश झालीस," तो म्हणाला. "मी घरी जाऊन हिला सांगायचो, बघ, खोकला आला तरी आकडा चढतोय. मी बरा होतोय असं वाटायचं मला. म्हणून तर डबल मारल्या ना गो मी."